डुलकी कोणाची आणि शिक्षा कोणाला?

आपल्या वस्त्यांतून रेल्वेच्या इंजिनावर, एस.टी.च्या चाकावर, मालमोटारीवर किंवा रेल्वे फाटकावर काम करणारा एकही माणूस नाही, असे घर-समूह विरळाच सापडतील. म्हणून आज ज्या प्रश्नाविषयी आम्ही लिहीत आहोत तो तुमच्यापैकी अनेकांच्या चुलीपर्यंत पोहोचलेला प्रश्न आहे. रात्रपाळीत एखाद्या चालकाचा डोळा लागतो. गाडी लाल सिग्नल ओलांडून पुढे जाते, किंवा मोटार रस्ता सोडून खाली उतरते. दुसऱ्या दिवशी त्या चालकाच्या हाती निलंबनाचा कागद पडतो, काही दिवसांनी आरोपपत्र येते आणि काही महिन्यांनी नोकरी जाते. रेल्वेची खोली सोडावी लागते, मुलांची शाळा सुटते. ज्याने त्याला त्या रात्री गाडीवर पाठविले त्याच्या सेवापुस्तकात मात्र शाईचा एक थेंबही पडत नाही.

अशा वेळी समाजात दोन आवाज उठतात. एक म्हणतो, "शेकडो लोकांचे प्राण ज्याच्या हाती होते तो झोपला, त्याला दयामाया कशाची?" दुसरा म्हणतो, "बिचारा दमला होता, पोटासाठी राबत होता. त्याला सोडून द्या." आमच्या मते हे दोन्ही आवाज अपुरे आहेत. पहिल्यात न्याय नाही आणि दुसऱ्यात सुरक्षितता नाही. या दोहोंच्या पलीकडे जाऊन शांत बुद्धीने विचार केला पाहिजे.

प्रथम जे निर्विवाद आहे ते मान्य करू. धोक्याचा सिग्नल ओलांडणे हा रेल्वेतील अत्यंत गंभीर दोषांपैकी एक आहे आणि तो तसा मानला जाणे योग्यच आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. पाच सेकंद डोळा मिटला तर सुमारे १४० मीटर लोहमार्ग कोणीही न पाहता मागे पडतो. त्या गाडीच्या साधारण डब्यात दाटीवाटीने कोण बसलेले असतात? आपलीच माणसे. दादर, नागपूर वा औरंगाबादकडे कामासाठी, सभेसाठी, लग्नासाठी निघालेली, लेकरे मांडीवर घेतलेली माणसे. त्यांच्या जीविताचा हक्क चालकाच्या नोकरीच्या हक्काहून हलका नाही. म्हणून असा प्रकार घडताच त्या चालकाला तात्काळ इंजिनावरून उतरविणे, त्याची वैद्यकीय तपासणी करणे व चौकशी पूर्ण होईतो त्याला दुसरे काम देणे याला आमचा विरोध नाही. जो कामगारपुढारी यालाही विरोध करील तो कामगाराचे हित करीत नाही.

परंतु चाकावरून उतरविणे ही एक गोष्ट आहे आणि शिक्षा देणे ही दुसरी. पहिली गोष्ट प्रवाशांच्या रक्षणासाठी आहे. ती त्याच घटकेला झाली पाहिजे. दुसरी दोषाचे मोजमाप करण्यासाठी आहे; ती मोजमाप झाल्यावाचून होता कामा नये. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत होते आणि त्या गल्लतीतून अन्याय जन्मास येतो.

थकवा म्हणजे आळस नव्हे

झोप ही इच्छेच्या आज्ञेत राहणारी दासी नाही. भूक जशी काही काळ दाबता येते तशी झोपही काही काळ दाबता येते. पण एका मर्यादेनंतर शरीर मालकाला विचारीत नाही. डोळे उघडे असताना मेंदू काही सेकंद झोपी जातो आणि त्या माणसाला आपण झोपलो होतो हेही कळत नाही. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत ही ओढ सर्वांत प्रबळ असते. कित्येक वर्षे रात्रपाळी केल्याने ती नाहीशी होत नाही.

१९९७ साली डॉसन व रीड या दोन संशोधकांनी प्रयोगाने दाखवून दिले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हाताची व नजरेची चपळता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. २४ तास जागल्यास ती सुमारे ०.१० टक्के मद्याच्या पातळीला जाते. आता आपल्या देशाचा कायदा पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य, म्हणजे ०.०३ टक्क्यांहून अधिक, आढळले तर वाहन चालविणारा गुन्हेगार ठरतो. म्हणजे १७ तास जागलेला चालक कायद्याने मद्यपी ठरणाऱ्या माणसाहूनही अधिक धोकादायक अवस्थेत असू शकतो. कामावर रुजू होताना इंजिनचालकाच्या तोंडाशी श्वास तपासण्याचे यंत्र धरले जाते, आणि ते योग्यच आहे. पण "गेल्या चोवीस तासांत तू किती झोपलास?" असे विचारून त्याच्या उत्तरावर गाडी थांबविणारा अधिकारी कोठे आहे? दारू पिऊन येणारा माणूस स्वतःच्या पायाने येतो. थकून येणारा पुष्कळदा वरिष्ठाच्या हुकमाने येतो.

कायदा एका हाताने काय देतो

आता कायद्याच्या पुस्तकाकडे वळू. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत कामाचे तास कमी करण्याच्या धोरणाला निश्चित रूप आले आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. माणूस हे यंत्र नाही, त्याला विश्रांतीचा व माणूस म्हणून जगण्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्यामागे होते. परंतु रेल्वेच्या लोकांसाठी पुस्तक वेगळे आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याने सतत स्वरूपाचे काम करणाऱ्या सेवकासाठी चौदा दिवसांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली आहे. ज्यांचे काम मुख्यतः खंडित स्वरूपाचे समजले जाते त्यांच्यासाठी ती ७५ तासांची आहे. काही रेल्वे फाटकांवरील गेटमन याच वर्गात मोडतात. गाडी नसली की गेटमन विश्रांती घेतो, असे कायदा गृहीत धरतो. गाडी कोणत्या क्षणी येईल याची वाट पाहत जागणे हे काम आहे की विश्रांती, हे ज्याने एक रात्र फाटकावर काढली त्यालाच विचारावे.

इंजिनचालकांचा झगडा तर पन्नास वर्षांहून जुना आहे. १९७३ साली त्यांनी संप केला तेव्हा दहा तासांच्या कामाचे आश्वासन त्यांच्या पदरात पडले. त्यानंतर पिढ्या निवृत्त झाल्या. २०१६ च्या रेल्वे बोर्डाच्या आदेशानुसार गाडीवरील सलग काम शक्यतो ९ तासांहून अधिक असू नये आणि रुजू होण्यापासून सुटी होईपर्यंतचा एकूण काळ ११ तासांपलीकडे जाऊ नये. वाचकहो, या वाक्यातील 'शक्यतो' या शब्दावर बोट ठेवा. नियमाच्या दारात ठेवलेली ही फट आहे. पूर, अपघात, गाड्यांचा खोळंबा, माणसांची कमतरता अशी कारणे त्या फटीतून आत शिरतात, आणि अपवाद हाच नियम होऊन बसतो. महिन्यातून ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच विश्रांती असा साप्ताहिक सुटीचा हिशेब आहे. इतर नोकरदार साप्ताहिक सुटी म्हणतात तेव्हा त्यात दोन रात्री घरच्या अंथरुणावर मिळतात. २२ तासांच्या विश्रांतीत कित्येकदा एकच मिळते. २०२४ च्या जून महिन्यात दक्षिण रेल्वेतील चालकांनी साप्ताहिक विश्रांतीसाठी आंदोलन केले ते याच कारणाने.

आता त्याच कायद्याचा दुसरा हात पाहा. कलम १३४ म्हणते की, बदली माणसाची व्यवस्था केलेली असेल तेथे, तो येऊन सोडवीपर्यंत सेवकाने काम सोडू नये. कलम १७३ म्हणते की, गाडीची जबाबदारी असलेल्या सेवकाने अधिकाराशिवाय गाडी मध्येच सोडली तर त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास. कलम १७५ म्हणते की, नियम मोडून किंवा निष्काळजीपणाने कोणाची सुरक्षितता धोक्यात आणली तरीही दोन वर्षांपर्यंत कारावास. म्हणजे बारा तास गाडी हाकलेल्या माणसाने "आता माझ्याने होत नाही" म्हणून गाडी सोडली तर तो गुन्हेगार. आणि न सोडता चालवीत राहिला व डोळा लागला तरी तो गुन्हेगार! पुढे विहीर आणि मागे आड म्हणतात ते हेच. या कलमांवाचून रेल्वे चालणार नाही हे आम्हांस मान्य आहे. भर मार्गावर गाडी सोडून जाण्याची मुभा कोणी मागत नाही. पण ज्याला सोडून जाण्याचा हक्क नाही, त्याला त्या अवस्थेत आणून ठेवणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते, एवढे तरी कायदा चालविणाऱ्यांनी मानले पाहिजे.

रस्त्यावरील वाहतुकीची कथा निराळी नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली होती, पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची मोकळीक ठेवली होती. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पुस्तकाचे नाव बदलले. पण ज्या मालमोटारीवर एकच चालक दोन रात्री काढतो त्या मालमोटारीपर्यंत जुना कायदा पोहोचला नव्हता, नवा पोहोचेल याची तजवीज कोण करणार?

चौकशीने काय दाखविले

कोणी म्हणेल की, हे सारे कामगारांच्या बाजूचे रडगाणे आहे. म्हणून तटस्थ चौकशांचे निष्कर्ष पाहू.

१२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्यांची टक्कर होऊन ३५ माणसे मेली. कारण निघाले एक सुटी राहिलेली तार. सिग्नलची जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाने जुनी तार कापून बाजूला केली नव्हती. ती जुन्या जागी टेकली आणि लाल व्हावयाचा सिग्नल लाल झाला नाही. दोष त्याच्या हाताचा होता, यात शंका नव्हती. पण चौकशी करणाऱ्या अँथनी हिडन यांनी तेथेच लेखणी थांबविली नाही. तेरा आठवड्यांत त्या माणसाला फक्त एक दिवस सुटी मिळाली होती. त्याची काम करण्याची सदोष पद्धत वर्षानुवर्षे तशीच चालत आली होती आणि ती कोणी सुधारली नव्हती. केलेल्या कामाची जी स्वतंत्र तपासणी व्हावयास हवी होती ती झाली नव्हती. १९९१ साली न्यायालयाने अडीच लाख पौंडांचा दंड केला तो ब्रिटिश रेल्वेला. त्या चौकशीनंतर कामाच्या तासांवर मर्यादा आल्या. एकट्या तंत्रज्ञाला बडतर्फ करून फाईल बंद केली असती तर दुसरा थकलेला तंत्रज्ञ दुसरी तार सुटी ठेवून गेला असता.

आपल्या देशात २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या विमानतळावर उतरताना विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ माणसे मृत्यू पावली. प्रवासाचा बराच काळ मुख्य वैमानिक झोपला होता हे ध्वनिमुद्रणातून उघड झाले. जाग आल्यानंतरची धुंदी त्याच्या निर्णयावर होती, असे चौकशीने नोंदविले. त्याला शिक्षा करण्यास तो उरला नव्हता. मेलेल्या माणसाला कोणते आरोपपत्र सुधारणार? उरते ते एवढेच की, पुढच्या वैमानिकाला झोप मिळेल अशी व्यवस्था करणे. त्या दिशेने वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम पुढे कडक झाले. २०२४ साली साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्याचे ठरले. पण ते नियम पूर्णपणे लागू होताच २०२५ च्या डिसेंबरात एका मोठ्या विमानकंपनीला माणसे पुरेनात, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि त्या कंपनीसाठी काही नियम तात्पुरते सैल करावे लागले. विश्रांतीचा नियम आणि व्यापाराची घाई समोरासमोर आली म्हणजे आधी कोण वाकतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

तिसरे उदाहरण थकव्याचे नाही, पण दोष ठरविण्याच्या घाईचे आहे. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ एका मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. मालगाडीचा चालक त्यात मेला. त्याच दिवशी रेल्वेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी सिग्नल न पाळल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने दाखविले की, त्या सकाळी स्वयंचलित सिग्नल बिघडले होते, चालकांना दिलेल्या परवानापत्रात वेगाची मर्यादा स्पष्ट केलेली नव्हती, आणि अशा प्रसंगी काय करावे याचे शिक्षण चालकांना व स्टेशनमास्तरांना पुरेसे मिळालेले नव्हते. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, म्हणून त्याला दोष देणे सर्वांत सोपे असते. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही. तो नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ज्याच्या घरात आग लागली त्यानेच तिचा पंचनामा करू नये, हे शहाणपण अपघाताच्या चौकशीत आपण स्वीकारले. चालकाच्या खातेनिहाय चौकशीत मात्र आरोप ठेवणारे, चौकशी करणारे व शिक्षा देणारे एकाच खात्याचे असतात.

मापाची कसोटी

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. "थकव्याची सबब एकदा मान्य केली की प्रत्येक जण थकला होता असेच सांगेल. मग शिस्त कशी राहील?" आक्षेप खरा आहे, पण थकवा ही केवळ तोंडाने सांगावयाची गोष्ट राहिलेली नाही. कोण किती वाजता रुजू झाला, किती वाजता सुटला, आधीच्या चार रात्री कोठे होता, मुख्यालयी किती तास विश्रांती मिळाली, याची नोंद आज यंत्रात असते. गाडीचा वेग, ब्रेक लावल्याची वेळ हेही नोंदले जाते. तेव्हा कोणाच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. नोंदी टेबलावर ठेवा म्हणजे झाले.

मग कसोटी कोणती लावावी? जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने अपघातांच्या अभ्यासातून एक साधा प्रश्न पुढे आणला आहे: याच कामात तितकाच निपुण असलेला दुसरा माणूस त्याच परिस्थितीत, तितकेच तास जागलेला, त्या जागी बसविला असता तर त्याच्या हातूनही हेच घडण्याचा संभव होता काय? उत्तर "होय" असेल तर दोष मुख्यतः त्या जागेचा आहे, माणसाचा नाही. या कसोटीवर आमच्या मते तीन प्रकार पडतात.

ज्याला मर्यादेपलीकडे राबविले गेले, ज्याने थकव्याची सूचना दिली किंवा देण्यास वावच नव्हता, त्याचा डोळा लागला तर त्याला काही काळ गाडीवरून दूर ठेवावे, पुन्हा शिक्षण द्यावे, निद्रेचा विकार आहे काय हे पाहावे, आणि आरोपपत्र त्याच्याआधी पाळी लावणाऱ्याच्या नावाने काढावे. ज्याला विश्रांती मिळाली होती पण ती त्याने दुसऱ्या धंद्यात, पत्त्यांत किंवा बाटलीत घालविली, त्याला शिक्षा झाली पाहिजे. पगारवाढ थांबावी, पद खाली यावे, आणि वारंवार घडल्यास नोकरीही जावी. ज्याने जागे ठेवणारे यंत्र मुद्दाम निकामी केले, खोटी नोंद केली किंवा घडलेला प्रकार लपविला, त्याच्या बडतर्फीविरुद्ध आम्ही एक अक्षरही लिहिणार नाही. तो थकलेला नाही. तो बेदरकार आहे.

कायद्यालाही मापाचा हा विचार परका नाही. चोलन रोडवेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अपघाताची घटनाच निष्काळजीपणाविषयी बोलू शकते आणि खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही, असे म्हटले. हे चालकांनी विसरू नये. पण त्याच न्यायालयाने १९८७ साली रणजित ठाकूर यांच्या प्रकरणात सांगितले की, शिक्षा दोषाच्या प्रमाणाबाहेर असता कामा नये. आणि १९९५ साली बी. सी. चतुर्वेदी यांच्या प्रकरणात म्हटले की, विवेकाला धक्का देणारी शिक्षा असेल तर न्यायालय हात घालू शकते. प्रमाणाचा हा हक्क घटनेच्या समतेच्या कलमातून उगवतो. तो हक्क मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी कठोर शिक्षेच्या समर्थकांनी विचारात घ्यावी. प्रत्येक चुकीला नोकरी जाण्याची भीती असेल तर माणसे चुका करणे थांबवीत नाहीत. चुका सांगणे थांबवितात. आज थोडक्यात टळलेला अपघात दडपला जातो आणि उद्या तोच पूर्ण रूपाने प्रकटतो. अमेरिकेत १९७६ पासून विमान चालविणारे आपल्या हातून घडलेल्या चुकांची गुप्त नोंद नासा या संस्थेकडे देऊ शकतात, आणि मुद्दाम न केलेल्या चुकीबद्दल त्यांना शिक्षेपासून मर्यादित संरक्षण मिळते. युरोपातील २००६ च्या नियमाने तर चालकाच्या तासांच्या उल्लंघनाबद्दल वाहतूक संस्थेलाही जबाबदार धरले आहे, आणि सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर वा मालाच्या वजनावर मोबदला देण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे मालमोटारवाल्याला खेपेवर पैसे मिळतात आणि तो झोपला म्हणून आपण त्यालाच शिव्या देतो!

तुमच्या हातात काय आहे

केवळ सरकारला उपदेश करून हा लेख संपविणे योग्य होणार नाही. बंधूंनो, तुम्ही चालक असाल तर एक वही ठेवा. रुजू होण्याची व सुटण्याची वेळ, मिळालेली विश्रांती, बदली माणूस केव्हा आला, हे रोज दोन ओळींत लिहा. थकवा असह्य असेल तर तो नियंत्रकाला कळवा, कळविल्याची वेळ व ज्याला कळविले त्याचे पद लिहून ठेवा, आणि जमेल तेव्हा लेखी सूचना देऊन प्रत आपल्याजवळ ठेवा. ज्याच्याजवळ कागद नाही त्याचे सत्य चौकशीच्या खोलीत मुके होते.

आरोपपत्र आले तर घाबरून कबुलीजबाब लिहून देऊ नका. साहेब सांगतात म्हणून "माझी चूक झाली, क्षमा असावी" असे लिहून दिलेले वाक्य पुढे तुमच्याच गळ्यात पडते. रेल्वेत १९६८ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे मोठ्या शिक्षेच्या आरोपपत्राला दहा दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. तुमच्या विरुद्धची कागदपत्रे पाहण्याचा, आणखी कागद मागण्याचा, आणि सहकारी सेवकाची वा संघटनेच्या कार्यकर्त्याची मदत घेण्याचा हक्क तुम्हांला आहे. पहिला कागद मागा तो पाळ्यांच्या नोंदीचा. शिक्षा झालीच तर अपिलासाठी ४५ दिवस असतात. ते शोकात घालवू नका. नोकरीतून कमी करणे व बडतर्फ करणे यांतील फरकही जाणून घ्या: पहिल्याने पुढील सरकारी नोकरीचे दार बंद होत नाही, दुसऱ्याने साधारणतः होते.

भगिनींनो, तुमचाही यात मोठा वाटा आहे. रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपतो तेव्हा तो आळशी नसतो. तो पुढच्या रात्रीच्या प्रवाशांचे रक्षण करीत असतो. एका खोलीच्या घरात ही झोप मिळणे किती कठीण आहे ते आम्ही जाणतो. तरी त्या चार-सहा तासांत पाहुणे, रेडिओ, दारातील भांडण, बाजाराची कामे त्याच्यापासून दूर ठेवा. मुलांना सांगा की, बाबांची झोप हे बाबांच्या कामाचेच अंग आहे. आणि तो जर विश्रांतीचे तास दारूत किंवा जुगारात घालवीत असेल तर लाजेपोटी गप्प बसू नका. त्याचा हक्क मागावयाचा तर त्याचे कर्तव्यही त्याला सांगितले पाहिजे. विश्रांतीचा हक्क मागणाऱ्याने विश्रांती घेतली पाहिजे.

आणि संघटनांना आमचे सांगणे असे की, नोकरी गेल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा पाळीपत्रक लागते त्या दिवशी त्यावर नजर ठेवा. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना कामगार म्हणूनही संघटित होण्याचा मार्ग दाखविला. त्या मार्गावर आज मागणी अशी ठेवा: गंभीर दोषाच्या प्रत्येक चौकशीत चालकाच्या आधीच्या सात दिवसांच्या पाळ्यांची नोंद आपोआप जोडली जावी, मर्यादा ओलांडली गेली असेल तर ती ओलांडण्याचा हुकूम देणाऱ्यालाही त्याच चौकशीत उभे करावे, आणि रिक्त जागा वेळेवर भराव्यात, कारण जेथे माणूस नाही तेथे दुसऱ्या माणसाची झोपच मोडली जाते.

शिस्त हवीच. शिस्तीवाचून गाडी रुळावर राहत नाही. पण जी शिस्त फक्त खालच्या पायरीवर उतरते आणि वरच्या पायरीला शिवत नाही तिला शिस्त म्हणता येत नाही. तो केवळ अधिकाराचा धाक आहे. एखाद्या गाडीवानाच्या हातून सिग्नल ओलांडला गेला असे वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा तो किती वाजता झोपला हे विचारण्यापूर्वी तो किती तास जागा होता हे विचारा. ते उत्तर मिळाल्यावाचून कोणाच्याही शिक्षेला मान डोलावू नका.